दोन मीटर पुरेत

बदनापूरला एक बाई तान्ह्या लेकराला खांद्यावर टाकून एसटीत चढली, मागच्या लांब सीटवर माझ्या शेजारी येऊन टेकली, आणि मी ताडकन उठून उभा राहिलो. गाडीत जागा भरपूर होती, उठायची कुणावरच वेळ आलेली नव्हती. नुसता उठलोही नाही, चार सीटा पुढं जाऊन दांडी धरली. बाईनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या लुगड्याकडं, मग माझ्या रिकाम्या जागेकडं. "काय झालं हो काका? आमच्या अंगाला काय काटे हायेत का?" मी म्हणालो, "नाही, नाही, बसा तुम्ही." "म्या बसलेच की. उठले तुम्ही." कंडक्टर तिकिटाचं मशीन खिशात सरकवत म्हणाला, "जाऊ द्या मावशी, मोठी मानसं हायेत." आमच्याकडं काही माणसांच्या तोंडावर आडनाव छापलेलं असतं. ते सगळ्या गाडीनं वळून एकदा वाचलं.

खरं म्हणजे मला सांगायचं होतं की बाई, हे तुमच्यामुळं नाही, माझ्यामुळं आहे. त्याच दिवशी साडेअकराला संभाजीनगरच्या एका दवाखान्यात मी किरणोत्सर्गी आयोडीनची गोळी गिळली होती. वर्षभर माझी गळ्यातली थायरॉइडची गाठ अति कामसू झालेली. वजन बारा किलो उतरलं, बसल्या जागी छाती धडधडायची, हात पेनसुद्धा धड धरीना. तर ही गाठ आयोडीनची हावरट असते, दिलं तेवढं ओढून घेते, म्हणून तिला असं आयोडीन द्यायचं की ते ओढून तिनं स्वतःलाच जाळून घ्यावं. तोवर ते बाहेरही थोडं सांडतं. डॉक्टरांनी छापील कागद दिला होता : दहा दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून दोन मीटर लांब राहा. घरी खासगी गाडीनं जा, असंही कागदात होतं. पण भाड्यानं आणलेल्या गाडीवाल्यानं दवाखान्याच्या दारावरची किरणोत्साराची पिवळी पाटी वाचली, आणि मी बाहेर येईपर्यंत त्याच्या आत्याला अचानक अटॅक आला होता. मंग एसटी. मागची सीट रिकामी होती, हिशोब बराबर बसत होता, तोवर बदनापूर आलं. एकतीस वर्षं मी जालन्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवलं. अणूचं विभाजन मी चार वाक्यांत कुणालाही समजावू शकतो, व्यापारी मंडळापासून भजनी मंडळापर्यंत समजावलेलं आहे. त्या दुपारी मात्र पहिलं वाक्यच सापडेना. जी सापडली त्यांतलं सगळ्यात सौम्य होतं, "माझ्या अंगातून किरणं निघतायत." तेव्हा जालना येईपर्यंत मी शिवाशीव पाळणारा म्हणून उभा राहिलो. ते समजायला सोपं होतं. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

घरी कल्याणी होती. माझी मुलगी, सातवा महिना, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. गोळीची तारीख चार महिने आधी मागितलेली आणि ती अशी ऐन वेळी मिळालेली. सोडावी तर पुन्हा चार महिने, आणि हृदयाचे ठोके असेच राहिले तर चार महिन्यांची हमी डॉक्टर देईनात. म्हणून गच्चीवरची पत्र्याची खोली झाडून घेतली होती. रमाबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, दवाखान्याचा कागद चष्मा लावून वाचला. ताट-वाटी वेगळी. कपडे वेगळे धुवायचे. अंथरूण वेगळं. कुणाला शिवायचं नाही. वाचून झाल्यावर तिनं कागद नीट घडी करून मला परत दिला आणि कसलाही भाव चेहऱ्यावर न आणता म्हणाली, "यात नवीन काय आहे? तुम्हाला कावळा शिवलाय."

कल्याणी इतकी हसली की पोटाला हात लावून खाली बसली. मीही हसलो. पण रमाबाईनं पुढचं सगळं इतक्या सफाईनं केलं की हसू फार टिकलं नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवायचं, दोन पायऱ्या उतरायचं, मग हाक मारायची. पाणी तांब्यातून उंचावरून माझ्या भांड्यात ओतायचं, भांड्याला तांब्या लागू द्यायचा नाही. दोरीवरचे माझे कपडे काठीनं उचलायचे. हे दवाखान्याच्या कागदात नव्हतं. हे तिच्या हातात होतं. भोकरदनला तिच्या माहेरी ती तेराव्या वर्षी शिकली आणि आमच्याकडं माझ्या आईनं तिच्याकडून पक्कं करून घेतलं. लग्नानंतर सहा वर्षं ती महिन्याचे तीन दिवस मागच्या पडवीत बसायची. ते तीन दिवस मी आईच्या हातचं जेवायचो आणि वैज्ञानिक दृष्टिकोन या विषयावर कॉलेजच्या वार्षिकात लेख लिहायचो. एकदा तर लेखाची शेवटची ओळ अडली होती आणि मी ती पडवीच्या दारात उभं राहून तिला वाचून दाखवली होती. आतून. उंबरा न ओलांडता. तिनं सुचवलेला शब्द चांगला होता, तो मी घेतला.

पत्रा दुपारी तापायचा. खोलीत जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, किरणं मोजायचा एक मोडका गायगर काउंटर आणि मी. कशाला हात लावावा ते कळायचं नाही, कारण आपण हात लावला की ती वस्तू आपल्यासारखी होईल असं वाटायचं. हे शास्त्राला धरून नाही. शास्त्राला मी चांगला ओळखतो. दोन मीटरवर कल्याणी तासभर बसली असती तर तिला छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही कमी मिळालं असतं. अंतर दुप्पट केलं की ते चौथाई होतं, हे मी दर जूनमध्ये फळ्यावर सिद्ध करून दाखवलेलं आहे. म्हणजे दोन मीटर पुरेत. पहिल्या दिवशी मी तिला दोन मीटर सांगितले. संध्याकाळी चार केले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालो, तू जिना चढूच नकोस. दुपारी पाण्याच्या टाकीचा विचार आला, आणि मी रमाबाईला सांगितलं की पोरीच्या आंघोळीचं पाणी टाकीतून नको, हापशाचं घ्या. टाकीला मी हातही लावलेला नव्हता. कल्याणी खालून ओरडली, "बाबा, कागदात दोन मीटर आहेत ना?" मी म्हणालो, "कागद सगळ्यांसाठी असतो." हे वाक्य तोंडातून गेल्यावर मी बराच वेळ त्याच्याकडं बघत बसलो. एकतीस वर्षं हेच वाक्य लोक मला म्हणत होते आणि मी त्यांना अडाणी समजत होतो.

आणि गुरुवारी सुग्रीवची सभा होती.

सुग्रीव माझा विद्यार्थी. घनसावंगीच्या पुढं गोदाकाठाला त्याचं गाव, घरी मेंढरं. बाप राधाकिसन चार महिने कळप घेऊन बाहेर असायचा आणि हा मात्र बीएस्सीला पहिल्या बाकावर. दरवर्षी आमची सहल तारापूरला जायची, अणुवीज केंद्र बघायला. सुग्रीवनं समुद्र पहिल्यांदा तिथं पाहिला. बाकीची पोरं पाण्यात शिरली, हा काठावर उभा राहून मला विचारत होता, "सर, एवढं पानी हे केंद्र थंड करायला लागतं?" मी म्हणालो, एवढं नाही, पण लागतं पुष्कळ. "मंग आपल्याकडं हे कधीच येनार न्हाई," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून, देश बदलतोय, लहान अणुभट्ट्या येतील, तुझ्या गावात येईल, असं काहीबाही बोललो होतो. मला ते आठवतही नव्हतं. त्याला शब्दन् शब्द पाठ होता. आता तो सरपंच होता, आणि एक कंपनी खरोखरच आली होती. जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्यांना रात्रंदिवस वीज लागते, त्यासाठी छोटी अणुभट्टी घालायची, आणि जागेच्या पाहणीला गावचं दोनशे एकर गायरान हवं. गायरानावर धनगरांची चाळीस घरं मेंढरं चारतात. गुरुवारी अकराला ग्रामसभेचा ठराव. गावानं एकच ठरवलं होतं, सुग्रीवनंच तसं ठरवायला लावलं होतं : सर हो म्हनले तर हो. सर न्हाई म्हनले तर न्हाई.

"तुम्ही फक्त या," त्यानं फोनवर सांगितलं. "धा मिनटं बोला. लोकं तुमची वाट पाहून राह्यलेत." मी म्हणालो, मला ताप आहे, फोनवरून बोलतो. ताप हा शब्द निवडायला मला वेळ लागला नाही.

पण मग सगळं अंगावर आलं. गावात मला गोळी सांगायची नव्हती, कारण गोळी सांगितली की चाळीस घरं भीतीनंच नाही म्हणणार. आणि माझं मत तर हो होतं. आजही आहे. कोळशाच्या धुरानं जेवढी माणसं मुकाट मरतात त्यांची सभा कुणी भरवत नाही. सूर्य संध्याकाळी घरी जातो आणि भट्टी जात नाही. मला हे सगळं पटतं, अंगातला थरथराट धरून पटतं. फक्त पत्र्याखाली पडल्यापडल्या दुसऱ्याही गोष्टी आठवायला लागल्या होत्या, ज्या मी भाषणात नेहमी शेवटच्या मिनिटाला घेत असे, घंटा व्हायच्या बेतानं. पन्नास वर्षांहून जास्त झाली, देशाच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. तीन टक्क्यांना आमच्याकडं ग्रेससुद्धा देत नाहीत. सुरू व्हायच्या तारखा पुढं जातात आणि त्यांच्यामागून खर्च. परळीचं कोळशाचं केंद्र दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. त्या साली जालन्यात आम्ही नळाला पाणी कोणत्या महिन्यात येईल असं विचारायचो. गोदावरी घनसावंगीला मे महिन्यात कशी दिसते ते मला माहीत आहे. आणि राखेचा प्रश्न. राख नव्हे ती, भट्टीतून उरलेलं अणुइंधन, पण लोकांना मी राखच सांगायचो. तिला किती दिवस बाहेर बसवायचं? माझे दहा. तिचे हजारो वर्षांचे. तिला वरून पाणी घालायला कोण राहणार? छाती धडधडायला लागली. हे गाठीमुळं की विचारामुळं, ते वेगळं करायचं उपकरण माझ्याकडं नव्हतं.

चौथ्या दिवशी, म्हणजे गुरुवारीच, रमाबाईनं सकाळी गरम पाण्याची बादली जिन्यावर ठेवली. "न्हाऊन घ्या डोक्यावरून. चौथा दिवस आहे." मी म्हणालो, "अगं, हे न्हाऊन जात नाही. आठ दिवसांनी निम्मं होतं, मग आणखी आठ दिवसांनी त्याच्या निम्मं." ती जिन्याच्या मध्यावर थांबली. "म्हणजे तुम्हाला निदान माहीत आहे किती दिवस ते," ती म्हणाली. "मला सहा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं की कशानं काय होतं. नुसतं बस म्हणायचे. तुम्ही ऊठ म्हणाला असता तर मी पहिल्याच वर्षी उठले असते." आवाज अगदी भाजीचं सांगावं तसा. ती म्हणाली, "पाणी निवतंय," आणि उतरली. मी डोक्यावरून न्हालो. उपयोग नव्हता, पण न्हालो.

अकराला फोन वाजला. सुग्रीवनं तो माईकला लावला होता. आधी वारं, मग शेळी, मग मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा, मग सुग्रीव. "सर, आवाज येऊन राह्यला का? समदे आलेत. कंपनीचे सायबबी हायेत." सायबांनी गोड हिंदीमिश्रित मराठीत सांगितलं की सर जे सांगतील ते आम्हालाही मान्य आहे. त्यांना माझे जुने लेख मिळालेले असणार. मी सुरुवात केली आणि माझं मलाच बरं वाटलं. भाषण तयारच होतं, एकतीस वर्षांचं. कोळसा, धूर, सूर्य, भट्टी. अणुभट्टीच्या कुंपणाच्या बाहेर जे मिळतं ते छातीच्या एक्स-रेपेक्षा किती कमी, तेही सांगितलं. लोक शांत होते. खाली जिन्याशी कल्याणी येऊन उभी राहिली होती, एक हात कठड्यावर, एक पोटावर. तिनं माझी भाषणं लहानपणापासून ऐकलेली, कुठं टाळी येते तेही तिला ठाऊक.

"सर," मध्येच एका म्हातारीचा आवाज आला, माईकपासून लांब. सुग्रीव म्हणाला, "ही चतुराबाई, माझी चुलती. चाळीस घराच्या वतीनं बोलून राह्यली." चतुराबाईला जवळ आणलं गेलं. "मास्तर, मला तुमचं ते एक्सऱ्याचं कळत न्हाई. एकच इचारते. तुमची लेक बाळंतपनाला आलीय म्हन सुग्रीव सांगत व्हता. तिला हितं आनून ठिवताल का, त्या कुंपनाच्या बाजूला? आमच्या सुना तिथंच बाळंत व्हतेत."

सोपा प्रश्न होता. भाषणानंतर हा दर वेळी कुणीतरी विचारतो आणि मी दर वेळी "हसत हसत ठेवीन" असं म्हणून हशा घेतो. हो, ठेवीन. आकड्यानं तेच येतं. मी तोंड उघडलं आणि जिन्याच्या खाली बघितलं. तेरा पायऱ्या. दोन मीटर पुरेत. मी तिला चढू देत नव्हतो.

"चतुराबाई," मी म्हणालो, "मला ताप नाही." मग सांगितलं. गोळी, गाठ, दहा दिवस, गच्ची, वेगळं ताट. हापशाचं पाणीसुद्धा. दोन मीटर पुरतात हे मला माहीत असून मी तेरा पायऱ्या ठेवल्या, हेही. पहिलं वाक्य शेवटी सापडलं होतं, ते काही फार अवघड नव्हतं. "माझं मत हो आहे," मी म्हणालो. "देशाला ही वीज लागणार. पण आकडा माझ्या हातात असून माझ्याच लेकीला मी आकड्याच्या भरवशावर जवळ घेऊ शकलो नाही. तुमच्या हातात तर आकडाही नाही. माझ्या होवर तुम्ही हो म्हणू नका."

पलीकडं एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, मास्तरला इख दिलं. कुणी म्हणालं, मंग न्हाईच की, संपलं. सुग्रीवचा आवाज, "थांबा हो, ऐका—" आणि त्या सगळ्यावरून चतुराबाई : "गप बसा रे! त्यो मोजून लांब बसलाय. भ्यालाय, पर मोजून भ्यालाय. आपल्याला कोन मोजून देनार हाय? ए सायब, मोजायचं यंतर गावात ठिवता का? आमच्या पोरीच्या हातात? आन् उन्हाळ्यात पानी कुठून आननार, त्ये लिहून देता का? मेंढराला पुरंना अन्—" रेंज गेली.

मी फोन हातात धरून बसलो. कल्याणी खालून म्हणाली, "बाबा, मी वर येते." "थांब," म्हणालो. "थांबत नाही. मी विचारत नाहीये." ती हळूहळू चढली, आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन. दारातून माझ्या खाटेपर्यंत मोजलं, मला टेपचं एक टोक धरायला न देता. दोन मीटर दहा सेंटिमीटरवर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि बसली. मला घाम फुटला. ती म्हणाली, "अर्धा तास. घड्याळ लावलंय. आता भ्या हवं तेवढं." पोट तिच्या श्वासाबरोबर हलत होतं. मी आधी ते बघायचं टाळलं, मग बघितलं.

दुपारी दीडला सुग्रीवचा फोन आला. आवाज कोरडा होता. "ठराव तहकूब, सर. हो न्हाई, न्हाईबी न्हाई. यंतर गावाच्या हातात आन् पान्याचं लेखी, मंगच पुढं. बायांनी लिहून घेतलं. सगळ्यात पयला अंगठा चतुराबाईचा." मी म्हणालो, चांगलं झालं. "काय चांगलं?" तो एकदम बोलला. "वीस वर्सं झाली, सर. तुम्ही खांद्यावर हात ठिवून म्हनलेत, तुझ्या गावात येईल. म्या गावाला सांगत आल्तो. माझे सर, माझे सर. आन् आज सायब हसून राह्यले माझ्याकडं पाहून." मी म्हणालो, "सुग्रीव, ते मी समुद्र बघून बोललो होतो." मग तो जरा मऊ पडून, "छाती लई धडधडते का, सर?" "धडधडते." "मंग तापाचं काहून सांगितलं? म्या आलो असतो की भेटायला. दोन मीटर तं दोन मीटर."

मग त्यानं शेवटचं सांगितलं, सांगायचं नसल्यासारखं. कंपनीची गाडी परत जालन्याला गेली नव्हती. नदीच्या पलीकडच्या गावाकडं वळली होती. तिथंही गायरान आहे. सायब जाताना म्हणाले होते, तिथं सभा लवकर उरकते, तिथं कुणाचे सर नाहीत.

"त्या सरपंचाचा नंबर आहे का?" मी विचारलं.

"हाये. पर सर, तिथं तुम्हाला कोन वळखतंय? तुमचं काहून ऐकतेल?"

"तू नंबर दे."

तो आकडे सांगत गेला. मी ते एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिले आणि प्रत्येक आकडा दोनदा विचारून घेतला.